लो बीमचा डावा बल्ब आठ महिन्यांत तिसऱ्यांदा गेला, काय भानगड आहे?

रातकिडा

मंडळी जरा मदत करा. गाडी सात वर्षांची, हेडलाइट साधे हॅलोजनचे, लो बीमला (जवळच्या झोताला) एच७ प्रकारचा बल्ब आणि हाय बीमचा (लांबच्या झोताचा) बल्ब वेगळा. गेल्या आठ महिन्यांत डाव्या बाजूचा लो बीम तीनदा गेला. उजवा मी कधी बदललेलाच नाही, बहुतेक गाडीबरोबर आलेलाच असेल. पहिल्यांदा गेला तेव्हा म्हटलं वय झालं असेल, दुसऱ्यांदा म्हटलं डुप्लिकेट माल गळ्यात मारला असेल म्हणून जरा भारीतला आणला, तर तोही अडीच महिन्यांत गप्प. गंमत म्हणजे बदलला की लगेच लागतो, महिना दोन महिने झकास चालतो आणि मग एका रात्री भिंतीसमोर गाडी लावताना लक्षात येतं की एकच वर्तुळ पडलंय. परवा तर अरुंद पुलावर समोरचा मला मोटरसायकल समजून थेट अंगावर आला, अगदी शेवटच्या क्षणी त्याने वळवली, तेव्हापासून डोक्यात बसलंय की याचा काय तो निकाल लावायचाच.

मी काय काय बघितलं ते सांगतो. फ्यूज काढून बघितला, तार शाबूत आहे. बॅटरी नवीन आहे. घरी मल्टीमीटर आहे, बल्बचा कपलर (मागे खोचतात तो वायरींचा प्लग) काढून त्यात पिना घातल्या तर १२.४ व्होल्ट दाखवतो, म्हणजे करंट व्यवस्थित येतोय ना? मग तिन्ही बल्ब खराब कसे निघाले? एक मित्र म्हणतो सरळ एलईडी टाक, कटकट मिटेल. दुसरा म्हणतो अख्खं वायरिंग बदल. दोघांचंही ऐकायची माझी तयारी नाही.

जुनी_गाडी

बल्ब लावताना काचेला बोट लावता का? हसू नका, निम्म्या वेळा तेच असतं. हॅलोजनची काच म्हणजे क्वार्ट्झ, आतली तार पेटली की ती काच कित्येकशे डिग्री तापते. बोटाचं तेल जिथे लागलंय तिथे ते जळून बसतं, तेवढा ठिपका जास्त तापतो, काच दुधाळ होते, कधी फुगते तर कधी बारीक तडा जातो, आणि आत हवा शिरली की खेळ खलास. पहिल्यांदा गाडीचा बल्ब स्वतः बदलला तेव्हा मी तो चांगला फडक्याने पुसून, फुंकर मारून लावला होता, ते फडकं इंजिनऑइलचं होतं हे नंतर कळलं. तीन आठवड्यांत गेला बिचारा.

बुडाला धरून लावायचा, काचेला हात लागलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्यायचा. आणि नीट बसलाय का तेही बघा, ती स्प्रिंगची क्लिप अर्धवट अडकली तर बल्ब आत थरथरत राहतो. तापलेली टंगस्टनची तार एकदम नाजूक असते, खड्ड्यांतून दणके बसले की तुटते. डाव्या बाजूला कधी गाडी ठोकली होती का? हेडलाइटचा एखादा कान तुटला असेल तर अख्खं युनिट हलतं, बोनेट उघडून हाताने हलवून बघा.

जास्त उजेडाचे म्हणून जे बल्ब मिळतात ना, त्यांचं आयुष्य मुळातच कमी असतं. तारेला जास्त तापवूनच तो जादा उजेड काढलेला असतो, फुकट काही मिळत नाही. आणि निळ्या काचेचे तर घेऊच नका, तो निळा रंग उजेड अडवतो, फक्त दिसायला पांढरा.

फुल_डिपर

भाऊ एवढा विचार कशाला, १०० वॅटचे टाका आणि फ्यूज १० अँपिअरचा काढून २० चा घाला. माझ्याकडे दोन वर्षं झाली, दिवसासारखा उजेड पडतो, समोरचा आपोआप डिपर देतो.

वायरवाला

@फुल_डिपर समोरचा डिपर देतो तो कौतुकाने नाही हो. आणि फ्यूज हा वायर वाचवायला असतो, बल्ब वाचवायला नाही. १० च्या जागी २० घातला की काही बिघडलं तर आधी वायर जळणार आणि मग फ्यूज उडणार की नाही याचा विचार करणार. ५५ वॅटच्या हिशोबाने दिलेल्या बारीक वायरीतून १०० वॅट ओढता तुम्ही, होल्डर काढून बघा एकदा, प्लास्टिक तपकिरी होऊन कुरकुरीत झालेलं असेल. जास्त वॅटचे लावायचेच असतील तर बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू बंद करणारा स्विच) लागतो, तरी आतला रिफ्लेक्टर भाजायचा तो भाजतोच. रस्त्यावर एवढ्या वॅटचे बल्ब बहुतेक ठिकाणी नियमात बसत नाहीत ते वेगळंच.

आता @रातकिडा, तुम्ही एक गोष्ट लिहिलीच नाही आणि सगळी मेख तिथे आहे. काढलेले बल्ब तुम्ही बघितले का? म्हणजे उजेडात धरून आतली तार तुटलीय का ते? की लागत नव्हता म्हणून काढला, नवा लावला, लागला, म्हणजे जुना गेलेला असणार असं धरून चाललात? मी पंचवीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात काळे करतोय, जे लोक म्हणतात बल्ब सारखा उडतो त्यातल्या कितीतरी जणांचा बल्ब ठणठणीत असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

कसं होतं बघा. कपलरच्या आत ज्या मादी पत्त्या असतात त्या स्प्रिंगसारख्या बल्बच्या पत्तीला घट्ट धरून ठेवतात. वर्षानुवर्षं तापून तापून त्यांचा ताण जातो. पकड सैल झाली की कॉन्टॅक्टला रेझिस्टन्स येतो, रेझिस्टन्स आला की तिथेच उष्णता, उष्णतेने पकड अजून सैल, पत्तीवर काट चढतो, असं ते चक्र चालू राहतं आणि एक दिवस बल्ब बंद. तुम्ही नवा बल्ब आणता, कपलर ओढून काढता, परत दाबून बसवता, त्या घासाघाशीत वरचा काट खरवडला जातो आणि लाइट लागतो. तुम्ही खूश, बल्बवाला खूश. दोन महिन्यांनी पुन्हा काट. तुमच्या वर्णनात तो दोन महिन्यांचा हिशोब वाचला तेव्हाच मला वास आला.

आणि ते १२.४ व्होल्ट विसरा. मल्टीमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे केसाएवढ्या एका तारेवर लटकलेला कॉन्टॅक्टसुद्धा त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवतो. नळीत बोळा अडकला असला तरी नळ बंद असताना दाब पूर्णच लागतो, तसं. बल्ब जोडलेला हवा, पेटलेला हवा, तेव्हा मोजायचं. एच७ चालू असताना साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, तेव्हा खरं रूप दिसतं.

इंजिन चालू, लो बीम चालू. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. मग बल्बच्या दोन पत्त्यांवर, कपलर न काढता, मागून बारीक पिन सरकवून. दोन्हीतला फरक अर्ध्या पाऊण व्होल्टच्या पुढे असेल तर वाटेत कुठेतरी गळती आहे. मग ती कुठल्या बाजूला ते शोधायला एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बल्बच्या अर्थच्या (बॉडीमार्गे निगेटिव्हला जाणाऱ्या) पत्तीवर, इथे दोन दशांशाच्या आसपास यायला हवं. लोक प्लस शोधत बसतात, अर्थिंगकडे कोणी बघत नाही, आणि निम्मी दुखणी अर्थिंगचीच. पंख्यापासून आणि बेल्टपासून हात, बाह्या, वायरी सगळं लांब ठेवा.

पण त्याच्याही आधी ते जुने बल्ब बघा, फेकले नसतील तर.

रातकिडा

@वायरवाला साहेब, दंडवत!!

पहिला बल्ब फेकला होता पण दुसरा आणि तिसरा डॅशबोर्डच्या खणात नव्या बल्बच्या खोक्यांत घालून ठेवला होता, कशासाठी ते माहीत नाही, सवय आहे. आत्ता काढून टेबललॅम्पखाली बघितले. दुसऱ्याची तार खरंच तुटलीय, एक टोक खाली लोंबतंय, आणि काचेवर एका बाजूला तांदळाएवढा दुधाळ डाग आहे, म्हणजे @जुनी_गाडी तुमचंही बरोबर, हा मी भर रस्त्यात मोबाईलच्या उजेडात घाईघाईने लावला होता, हात नक्की लागला असणार. पण तिसरा, तो महागातला, त्याची तार एकदम शाबूत! काच स्वच्छ. ओहम लावून बघितलं तर अर्ध्या ओहमच्या आसपास दाखवतोय. बॅटरीला थेट दोन वायरींनी लावला तर असा भक्कन पेटला की डोळ्यांसमोर अंधारी आली.

म्हणजे चांगला बल्ब मी मेला म्हणून काढून ठेवला होता. एक शंका, अर्ध्या ओहमला १२ व्होल्ट म्हणजे २४ अँपिअर होतात, मग हा साडेचारच कसा ओढतो? मीटर चुकतोय का?

उद्या उजेडात कपलर बघतो आणि तुम्ही सांगितलं तसं मोजतो.

वायरवाला

मीटर बरोबर आहे. तार गार असताना तिचा रेझिस्टन्स पेटलेल्या तारेच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा असतो. म्हणून स्विच दाबल्या दाबल्या पहिल्या क्षणाला बल्ब नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, मग तापला की शांत. बल्ब बहुतेक वेळा लावतानाच का उडतात त्याचं कारण हेच, म्हातारी तार तो पहिला झटका सोसत नाही. आणि लूज कॉन्टॅक्ट असला की तो झटका गाडी हलेल तसा परत परत बसतो. तुमचा दुसरा बल्ब डागाने गेला की झटक्याने गेला, दोघांनी मिळून मारला असेल.

चालकबाई

धागा वाचतेय, माझा अनुभव थोडा उलटा आहे म्हणून लिहिते. माझ्या गाडीला डावे उजवे असं काही नव्हतं, सगळेच जात होते. चार महिन्यांत दोन्ही हेडलाइट, मग नंबरप्लेटचा दिवा, मग मागचा ब्रेकलाइट. मी ज्याच्याकडे गाडी दाखवायचे तो दरवेळी बल्ब घालून द्यायचा आणि म्हणायचा मॅडम बल्बच हल्ली असे येतात. काढलेले बल्ब बघितले तर काच आतून काळपट चंदेरी झालेली. शेवटी दिराने मीटर लावला, इंजिन थोडं रेस केल्यावर बॅटरीवर १५.६ व्होल्ट! अल्टरनेटरचा (गाडीत वीज बनवणाऱ्या यंत्राचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला होता. बॅटरीतलं पाणी पण सारखं कमी व्हायचं, तो मी बॅटरीचा दोष समजत होते. रेग्युलेटर बदलला आणि त्यानंतर बल्बला हात लावलेला नाही.

साधारण साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये असायला हवं असं त्याने सांगितलं, आणि व्होल्टेज नुसतं पाच टक्के वाढलं तरी हॅलोजनचं आयुष्य जवळपास अर्धं होतं म्हणे. काही नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, त्यात आकडा खालीवर होतो, पण पंधराच्या वर जाऊन तिथेच मुक्काम ठोकला तर काहीतरी गडबड.

अजून एक, दोन्ही लो बीम एकदम गेले असं जे लोक सांगतात ना त्यातही फसगत असते. मी पण तसंच सांगितलं होतं. खरं म्हणजे एक आधीच कधीतरी गेलेला असतो, शहरात रस्त्यावरच्या दिव्यांत ते कळत नाही, दुसरा गेला की मग अंधार होतो आणि आपण म्हणतो एकदम गेले. आता मी रोज पार्किंगच्या भिंतीवर दोन वर्तुळं मोजते, वेड लागल्यासारखी.

वायरवाला

@चालकबाई ताई १०० टक्के. फक्त एवढं जोडतो की खरोखरच दोन्ही एका क्षणी गेले तर दोघांत सामाईक काय आहे ते बघायचं. फ्यूज बहुतेक गाड्यांत डाव्या उजव्याला वेगवेगळे असतात, पण रिले आणि स्विच दोघांना मिळून. त्यामुळे एकच बाजू गेली तर रिलेच्या मागे लागू नका आणि दोन्ही गेल्या तर आधी बल्ब आणायला धावू नका. रिले बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले सापडतो बहुधा, हॉर्नचा वगैरे, अदलाबदल करून बघायची, एका मिनिटाचं काम. रिले नसलेल्या जुन्या गाड्यांत सगळा करंट स्टिअरिंगच्या दांडीतल्या स्विचमधून जातो, तिथे कॉन्टॅक्ट जळतात, दांडी हलवली की लाइट लुकलुकतात, दांडी गरम लागते.

आणि फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून पास करायचा नाही. पायापाशी केसासारखी चीर असते ती दिसत नाही. त्याच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, लाइट चालू ठेवून दोन्ही ठिपक्यांवर व्होल्टेज बघायचं.

शंकेखोर

माझ्या हेडलाइटमध्ये आतून घाम धरतो, त्याचाही बल्बशी संबंध असतो का? एकदा तर खाली बोटभर पाणी साचलं होतं.

जुनी_गाडी

@शंकेखोर थोडी वाफ धरणं आणि लाइट लावल्यावर दहा पंधरा मिनिटांत निघून जाणं, एवढं चालतं. हेडलाइट हवाबंद नसतोच, त्याला श्वास घ्यायला मागे बारीक नळ्या असतात. बोटभर पाणी म्हणजे मात्र काच आणि बॉडीचा जोड सुटलाय नाहीतर मागचं रबरी टोपण नाही. ते टोपण आधी बघा. बल्ब बदलणारा घाईत ते बसवतच नाही, नाहीतर अर्धवट अडकवतो, आणि मग धुतानाचं पाणी, पाऊस, धूळ सगळं आत. तापलेल्या बल्बवर गार थेंब पडला तर काच तडकू शकते. शिवाय ओलीने रिफ्लेक्टरचा चंदेरी थर उडतो, कपलरच्या पत्त्या हिरव्या पडतात. रिफ्लेक्टर एकदा काळवंडला की मग कुठलाही बल्ब लावा, विहिरीत टॉर्च मारल्यासारखं दिसतं.

काच बाहेरून पिवळी पडते तो वेगळा प्रकार, ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, वरचा अतिनील किरणांपासून वाचवणारा थर उन्हाने उडाला की पिवळं पडतं. घासून पॉलिश करून चकाचक होतं पण वर परत तो संरक्षक थर मारला नाही तर काही महिन्यांत पुन्हा तसंच. टूथपेस्टवाले व्हिडिओ बघून त्यातच समाधान मानू नका.

अर्धवट_मेकॅनिक

मूळ प्रश्नात एलईडी टाकायचा सल्ला होता त्यावर कोणी बोललं नाही म्हणून बोलतो, मी टाकून बघितलेत आणि काढूनही बघितलेत.

रिफ्लेक्टर जो बनवलेला असतो तो त्या इवल्याशा तारेच्या जागेच्या हिशोबाने, तार मिलिमीटरभर इकडे तिकडे झाली तरी झोत बिघडतो. एलईडीचे दाणे पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेले, त्यामुळे झोताची वरची रेघ फिस्कटते, समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि आपल्याला जवळचा रस्ता पांढराफेक दिसतो, लांबचं काही नाही. बऱ्याच देशांत तर हॅलोजनच्या घरात एलईडी लावणं नियमात बसत नाही. बरं टिकतात म्हणावं तर त्याची सगळी उष्णता मागच्या बाजूला, तिथे चिमुकला पंखा, आणि वरून आपण रबरी टोपण लावून त्याचा श्वास कोंडतो. माझा एक पंखा धुळीने जाम झाला, महिनाभरात एलईडी लुकलुकत लुकलुकत गेला.

आणि लुकलुकण्याचं दुसरं कारण म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर बल्ब शाबूत आहे का ते बघायला बारीक ठोके पाठवतो किंवा करंट मोजतो. हॅलोजनला ते ठोके कळत पण नाहीत, एलईडी मात्र प्रत्येक ठोक्याला पापणी मारतो. मग त्यावर रेझिस्टरचं डबडं लावा, ते तापतं, ते कशाला चिकटलं तर ते वितळवतं. एका दुखण्याला तीन औषधं. कंपनीतूनच एलईडी आलेली गाडी असेल तर गोष्ट वेगळी, ते टिकतात, पण गेले की ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) किंवा अख्खं युनिटच बदला.

आधीच्या गाडीला झेनॉन (तारेऐवजी वायूत ठिणगीने पेटणारे) होते, त्यांचं जाणं ओळखता येतं. आधी रंग गुलाबी जांभळट व्हायला लागतो, मग पाच दहा मिनिटं जळून आपोआप बंद, स्विच बंद चालू केला की परत लागतो. डावा उजवा बल्ब अदलाबदल करायचे, दोष बल्बाबरोबर गेला तर बल्ब, तिथेच राहिला तर बॅलास्ट (झेनॉनला उच्च व्होल्टेज देणारं डबडं). पण ते लाइट चालू असताना हात घालायचं काम नाही, पेटताना २० हजार व्होल्टच्या वर झटका असतो त्यात.

रातकिडा

मंडळी, आकडे आणले. सकाळी दोन तास बोनेटमध्ये डोकं घालून होतो.

इंजिन चालू, दोन्ही लो बीम चालू. बॅटरीवर १४.१. उजव्या बल्बच्या पत्त्यांवर १३.५. डाव्या बल्बच्या पत्त्यांवर ११.६!! मी तीनदा मोजलं. मग बॅटरी प्लस ते डाव्या बल्बची प्लस पत्ती, ०.४. बॅटरी मायनस ते डाव्या बल्बची अर्थ पत्ती, २.१. म्हणजे सगळी चोरी अर्थच्या बाजूला. मग डोकं चालवलं आणि त्याच अर्थच्या वायरीला कपलरच्या दोन बोटं मागे पिन टोचून मोजलं तर फक्त ०.२. म्हणजे वायर ठीक, बॉडीवरचा अर्थिंगचा बोल्ट ठीक, आणि १.९ व्होल्ट त्या एका कपलरच्या एका पत्तीत जातायत.

बंद करून, गार होऊ देऊन कपलर काढला. बाहेरून काळं प्लास्टिक, काही कळत नाही. आत टॉर्च मारला तर अर्थच्या खाचेभोवती प्लास्टिक तपकिरी आणि कडेला थोडं वितळून गोल झालेलं. पत्ती निळसर काळी, दुसरी मात्र पितळेसारखी चमकतेय. बल्बची पत्ती त्या खाचेत घातली तर अशी गेली जशी सैल चप्पल पायात जाते, दुसऱ्या खाचेत जोर लावावा लागला. बल्बच्या त्या पत्तीवर पण काळा पट्टा. हे सगळं आठ महिने माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी तीन वेळा ते हातात धरून त्यातच नवा बल्ब खोचला.

पत्ती पकडीने थोडी दाबून घट्ट करू का?

वायरवाला

शाब्बास. हे असं मोजलं की वाद उरत नाही.

पकडीने दाबू नका. म्हणजे दाबली तर आज लागेल, पण त्या पत्तीचा ताण गेलाय, जळलेलं पितळ स्प्रिंगसारखं परत येत नाही, महिनाभरात पुन्हा तेच. १.९ व्होल्ट गुणिले चार साडेचार अँपिअर म्हणजे आठ वॅट, नखाएवढ्या पत्तीत आठ वॅट उष्णता कोंडलेली, वितळणार नाही तर काय. आणि ११.६ वर बल्बचा उजेड १३.५ च्या मानाने साधारण ४० टक्के कमी पडतो, म्हणजे लागत होता तेव्हाही तो मिणमिणतच होता, तुमच्या लक्षात आलं नाही एवढंच.

शेपटीसकट कपलर मिळतो एच७ चा, म्हणजे मागे वितभर वायर जोडूनच. सिरॅमिकचा मिळाला तर तोच घ्या, तो वितळत नाही. जुना कापताना काळी पडलेली वायर कापून टाका, आतलं तांबं लालचुटुक दिसेपर्यंत मागे या, काळ्या तांब्यावर जोड कधी धरत नाही. दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळायचा उद्योग करू नका, तो पुढच्या दुखण्याचा पाया आहे, क्रिम्पिंगचा जोड (धातूची नळी दाबून केलेला) आणि वर गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंकची नळी. काळा पट्टा पडलेला बल्ब पण परत लावू नका, तार शाबूत असली तरी, ती खरबरीत पत्ती नव्या कपलरची वाट लावेल. आणि वायरीला जिथे पिन टोचलीत तिथे टेप लावा आज, नाहीतर पाणी शिरून सहा महिन्यांनी तिथेच हिरवं धरेल. एरवी टोचत नाही आम्ही, पण तुम्ही बरोबर जागी टोचलीत म्हणून माफ.

बाकी कोणी हे वाचून मोजायला जाणार असेल तर एक ध्यानात ठेवा, एच४ (लो आणि हाय एकाच बल्बमध्ये) वाल्या काही जपानी गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, सामाईक पिनेला कायम प्लस आणि लो हायच्या पिना अर्थ होतात. तिथे नेहमीच्या हिशोबाने टेस्ट लॅम्प लावला तर सगळंच उलटं दिसतं आणि माणूस चांगलं वायरिंग कापत बसतो. मी कापलंय, नवखा होतो तेव्हा.

फुल_डिपर

वायरवाला साहेब, तुम्ही म्हणालात म्हणून होल्डर काढून बघितला. तपकिरी आहे. एक पत्ती बल्बलाच चिकटून आली हातात.

वायरवाला

आधी तो २० चा फ्यूज काढून १० चा घाला आणि जुने ५५ वॅटचे बल्ब लावा. मग वेगळा धागा काढा, फोटो टाका. वायर होल्डरपासून किती लांबपर्यंत कडक झालीय ते वाकवून बघा, जिथे मऊ लागते तिथून पुढची वाचली.

रातकिडा

सिरॅमिकचा कपलर बसवला, जोड तुम्ही सांगितला तसाच केला, तांबं लाल दिसेपर्यंत जवळपास चार बोटं वायर गेली. बल्ब नवीन, काचेला हात न लावता, हातमोजे घालून, बायको म्हणाली ऑपरेशन चाललंय का. डाव्या पत्त्यांवर आता १३.६. अर्थच्या बाजूला ०.१५.

रात्री भिंतीसमोर लावली तर आता उजवाच पिवळट आणि मंद दिसतोय डाव्यापुढे. इतकी वर्षं त्यालाच चांगला समजत होतो. व्होल्टेज तर दोन्हीकडे जवळपास सारखंच आहे, मग हा का?

वायरवाला

सात वर्षांचा बल्ब आहे तो, तार थकली, काच आतून काळवंडली. आता तो मात्र खरंच बल्ब आहे. बदला, आणि बदलताना त्या बाजूचा कपलरही टॉर्च मारून बघा.